दात, हिरड्या आणि एचआयव्ही: विदर्भातल्या गावांतून वारंवार येणारे प्रश्न

एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीची औषधं मिळतात ते केंद्र) बाकावर, एसटी स्टँडवर, रात्री उशिरा आलेल्या फोनवर आम्हाला विचारले गेलेले हे प्रश्न. नावं, गावं काढून टाकली आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्याचीच ठेवली आहे. औषधांबद्दल इथे जे लिहिलं आहे ते डॉक्टरांना काय विचारायचं हे कळावं म्हणून. ते वाचून स्वतःच्या मनाने गोळी सुरू किंवा बंद करू नका.

१. मला एचआयव्ही आहे. दात काढता येतो का? सिमेंट भरता येतं का?

दात काढताही येतो, भरताही येतो. सफाई, रूट कॅनाल, कॅप, कवळी, अक्कलदाढ काढणं, यांतलं काहीही निव्वळ एचआयव्हीमुळे बंद होत नाही. "सीडी फोर दोनशेच्या वर गेला की या" असं बऱ्याच जणांना सांगितलं जातं, पण दात काढण्यासाठी सीडी फोरची (प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या मोजणीची) अशी कोणतीही अट नाही. डॉक्टरांनी बघायला हवा तो रक्ताचा साधा रिपोर्ट. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर रक्त थांबायला त्रास होतो, न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील तर जखम चिघळण्याची भीती असते. अशा वेळी मोठ्या दवाखान्यात, तयारीनिशी दात काढतात. केवळ एचआयव्ही आहे म्हणून आधी अँटिबायोटिक द्यायचीही गरज नसते.

गोळ्या नियमित असतील आणि वायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) दबलेला असेल, तर तुमची जखम इतरांसारखीच भरते.

२. दाताच्या डॉक्टरले सांगाचं का नाही?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. कायद्याने तुमच्यावर सक्ती नाही. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि त्यानुसार न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणालाही आपली स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही.

तरीही आमचं मत विचाराल तर सांगा. कारण औषधांचं आहे: तुम्ही कोणत्या गोळ्या घेता हे कळलं नाही, तर डॉक्टर त्यांच्याशी न जुळणारं औषध लिहून देऊ शकतात (प्रश्न १० पाहा). शिवाय तोंडातल्या काही खुणांचा अर्थ एचआयव्ही माहीत असला तरच लागतो. पण सांगायचं ते डॉक्टरांना, आणि एकट्यात. काउंटरवर केसपेपर काढताना नाही, बाकावर बसलेल्या माणसांसमोर तर नाहीच. खुर्चीवर बसल्यावर म्हणायचं, "डॉक्टर, दोन मिनिटं एकट्यात बोलायचं आहे. मी एआरटीवर आहे, टीएलडी घेतो. शेवटचा वायरल लोड अमुक महिन्यात केला, दबलेला आहे. किडनीचा त्रास नाही." एवढं पुरतं. (टीएलडी म्हणजे टेनोफोविर, लॅमिवुडीन आणि डोलुटेग्राविर ही तीन औषधं एकत्र असलेली एआरटीची गोळी.) कुठून झालं, कसं झालं, नवऱ्याला आहे का, हे विचारलं तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. दाढेशी त्याचा संबंध नसतो.

३. सांगितलं, आणि ते म्हणाले, "आमच्याकडे त्याची मशीन नाही, नागपूरला जा." आता?

एचआयव्ही असलेल्यांसाठी दात काढायची वेगळी मशीन जगात कुठेच नाही. तोंडावर "तुम्हाला हात लावणार नाही" असं आता फार कोणी म्हणत नाही. मशीन नाही, भूल देणारं कोणी नाही, मॅडम सुट्टीवर आहेत, आधी ताकद वाढवा, पुढच्या महिन्यात या, अशा गोड शब्दांत परत पाठवतात. माणूस रोजी बुडवून आलेला असतो. तो दुसऱ्यांदा येत नाही, आणि रजिस्टरमध्ये नकार कुठे नोंदला जात नाही.

मात्र पुढे पाठवणारी प्रत्येक चिठ्ठी म्हणजे भेदभाव नसतो. हाडात अडकलेली आडवी अक्कलदाढ, प्लेटलेट कमी असणं, जबड्यापर्यंत पसरलेली सूज यांसाठी पुढे पाठवणं योग्यच आहे. ऑटोक्लेव्ह (उपकरणं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) बंद असेल तर त्या दिवशी कोणाचाच दात काढू नये. ओळखायची खूण सोपी आहे: हेच दुखणं घेऊन दुसरा कोणी आला असता, तर त्यालाही पाठवलं असतं का?

शंका असेल तर शांतपणे म्हणा, "रेफरचं कारण चिठ्ठीवर लिहून द्या." या एका वाक्याने बऱ्याचदा मशीन सापडते. तरीही नकारच असेल, तर त्याच दिवशी आपल्या एआरटी सेंटरच्या समुपदेशकाला फोन करा. त्यांनी एक फोन केला तर अनेकदा काम होतं. पुढची पायरी तक्रारीची. वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमणं कायद्याने बंधनकारक आहे. छोट्या खासगी दवाखान्यात तो नसतो. तिथल्या नकाराबद्दल राज्याने नेमलेल्या ओंबड्समनकडे (अशा तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी) तक्रार जाते. त्यांनी तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो, तातडीचा वैद्यकीय प्रसंग असेल तर शक्यतो चोवीस तासांत. पत्ता आणि अर्जाची रीत १०९७ या मोफत हेल्पलाइनवर किंवा जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण पथकाकडे मिळेल.

तक्रार चालू राहू द्या, पण दात तिच्यासाठी थांबवू नका. पू झालेली दाढ आदेशाची वाट बघत नाही.

४. "सगळ्यांचं झाल्यावर शेवटी घेतो" म्हणतात. हे चालतं का?

एचआयव्हीमुळे शेवटी ठेवण्याला काहीही वैद्यकीय आधार नाही. प्रत्येक रुग्णानंतर उपकरणं निर्जंतुक करायचीच असतात, मग आधी कोण आणि नंतर कोण याने काय फरक पडणार? उलट जो डॉक्टर शेवटी घेतो, तो मधल्या रुग्णांच्या वेळी उपकरणं नीट निर्जंतुक करत नाही की काय, अशी शंका इतरांनीच घ्यायला हवी. गावच्या माणसाला यात खरी झळ बसते ती वेळेची, कारण शेवटचा नंबर लागेपर्यंत मुक्कामी गाडी निघून गेलेली असते. "माझी गाडी चारची आहे, नंबराप्रमाणे घ्या" असं सांगायला हरकत नाही. वेगळा बाक, केसपेपरवर लाल शाईची खूण, जास्तीची फी हीसुद्धा भेदभावाचीच रूपं आहेत.

५. दात काढायच्या आधी एचआयव्हीची टेस्ट करून आणा म्हणाले. करावी लागते?

उपचारासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालणं त्याच कायद्याने बंद केलं आहे. चाचणी तुमची संमती घेऊन, आधी आणि नंतर समुपदेशन करूनच करायची असते. तोंडातल्या खुणा बघून डॉक्टरांनी चाचणी सुचवली, तर तो चांगला सल्ला आहे. आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात) ती मोफत होते. पण "रिपोर्ट आणा, मगच दात" ही अट चालत नाही.

६. माझ्यामुळे डॉक्टरला किंवा दुसऱ्या पेशंटला होईल का? आणि मला तिथून काही लागेल का?

थुंकीतून एचआयव्ही पसरत नाही. रक्ताने माखलेली सुई डॉक्टरच्या बोटात घुसली, तरी सरासरी हजारातल्या तीन वेळाच लागण होते, आणि तुमचा वायरल लोड दबलेला असेल तर त्याहूनही खूप कमी. त्याच सुईतून हिपॅटायटिस बी लागण्याची शक्यता, लस न घेतलेल्या माणसाला, शंभरात तीसपर्यंत असू शकते. त्याची चाचणी मात्र दारात कोणी मागत नाही.

म्हणून नियम सगळ्यांसाठी एकच असतो: प्रत्येक तोंड संसर्ग असलेलं आहे असं समजून काम करायचं. नवे हातमोजे, नवी सुई, मास्क, आणि ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशावर पंधरा-वीस मिनिटं वाफवलेली उपकरणं. एचआयव्हीचा विषाणू तसा नाजूक असतो, या वाफेत तो टिकत नाही.

तुम्हाला काही लागण्याची भीती रास्त आहे, पण ती बाजाराच्या दिवशी चादर टाकून बसणाऱ्या दात काढणाऱ्याकडे. तिथे एकच पक्कड सगळ्यांच्या तोंडात जाते. तालुक्याच्या दवाखान्यात कोणी विचारू नये म्हणून काही जण याच माणसाकडे जातात, हे आम्हाला माहीत आहे. जाऊ नका.

७. जायचं कुठे? आमच्या गावात तर काहीच नाही.

आधी ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय. तिथे दंतशल्यचिकित्सक आहे का आणि कोणत्या वारी असतो, हे फोन करून किंवा आशाताईंकडून विचारून घ्या. पद असून माणूस नसणं, माणूस असून खुर्ची बिघडलेली असणं, हे आपल्याकडे नवं नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत.

त्यापुढचं काम असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय. ते मेडिकलच्याच (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरात आहे, आणि मेडिकलमध्ये एआरटी सेंटरही आहे. त्यामुळे ज्यांच्या गोळ्या तिथून येतात त्यांची दोन्ही कामं एका फेरीत होऊ शकतात. वर्धेकडच्यांना सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय जवळ पडतं, अमरावतीतही दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयात शिकणारी मुलं हात लावतात म्हणून काही जण नाक मुरडतात. आमचा अनुभव उलटा आहे: तिथे वेळ लागतो, पण वर शिक्षक उभे असतात, पैसे कमी लागतात आणि एचआयव्हीचं नाव ऐकून कोणी दचकत नाही.

जिथे जाल तिथे गोळ्यांच्या तारखेशी दाताची तारीख जुळवून मागा. बऱ्याच जणांना आता तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, म्हणजे फेऱ्या कमी. त्यातली प्रत्येक फेरी दातांसाठीही वापरायची. सोयाबीनच्या काढणीत आणि कापूस वेचणीत कोणी घर सोडत नाही. म्हणून पोळ्याच्या आधीच दात दाखवून घेतलेले बरे.

८. तिकिटाचे आणि उपचाराचे पैसे?

एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी एसटीत प्रवाससवलत आहे. कोणता कागद लागतो ते एआरटी सेंटरमध्ये विचारा. पण कंडक्टरला तो कागद दाखवायची अनेकांना धास्ती वाटते, विशेषतः कंडक्टर ओळखीचा असेल तर. बायांसाठी सोपा मार्ग आहे: मार्च २०२३ पासून एसटीत सर्व महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यासाठी कुठलाही आजार दाखवावा लागत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तोंडाच्या कॅन्सरसारख्या मोठ्या शस्त्रक्रिया बसतात. दात भरायला किंवा कवळीला ती योजना धरून चालू नका.

९. जिभेवर पांढरा थर आला आहे, तिखट लागत नाही. किंवा: हिरड्या सडल्यागत झाल्या, वास मारतो. हे दाताच्या डॉक्टरकडे की एआरटीत?

दोन्हीकडे, आणि लवकर. दह्यासारखा पांढरा थर, जो पुसला की खाली लाल दिसतं, तो बहुतेक बुरशीचा असतो. चोखायच्या गोळ्यांनी किंवा फ्लुकोनॅझोलने तो जातो. पण गोळ्या नीट चालू असताना तो पुन्हा पुन्हा येत असेल, तर वायरल लोड तपासायला सांगा. शरीर आतून काहीतरी सांगत असतं. घास गिळताना छातीत दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेपर्यंत गेली असू शकते. मग तारखेची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी एआरटी सेंटर गाठा.

हिरड्यांची टोकं झिजल्यासारखी, राखाडी, हात लावला की रक्त, आणि दुखणं असं की रात्री झोप नाही: हा साधा पायरिया नाही. यात काही दिवसांत हाड उघडं पडू शकतं. हळद-मीठ चोळत बसू नका. सफाई आणि औषध दोन्ही लागतं, आणि एआरटीच्या डॉक्टरांनाही कळायला हवं. जिभेच्या कडेला पांढऱ्या उभ्या रेघा असतील, ज्या पुसल्या जात नाहीत आणि दुखतही नाहीत, तर त्या दाखवा. त्यांना बहुधा वेगळा उपचार लागत नाही, एआरटीने जातात.

१०. एआरटीवर असताना दुखीची कोणती गोळी चालते? दाताच्या औषधांनी एआरटी बिघडते का?

बहुतेक जण टीएलडी घेतात. त्यात टेनोफोविर असतं, ते किडनीवरून जातं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचाही भार किडनीवरच पडतो. एखाद-दोन गोळ्यांनी सहसा काही बिघडत नाही. पण आठ-आठ दिवस घेणं, किंवा गावातल्या डॉक्टरकडून रोज दुखीचं इंजेक्शन टोचून घेणं धोक्याचं आहे. आधीच किडनीचा, शुगरचा, बीपीचा त्रास असेल तर जास्तच. पॅरासिटामॉल सुरक्षित आहे, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडॅझोल यांचं टीएलडीशी भांडण नाही, फक्त मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू अजिबात नाही.

आता अडचणीच्या गोष्टी. कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड टीएलडीतल्या डोलुटेग्राविरच्या बरोबर उपाशीपोटी घेतलं, तर एआरटी नीट भिनत नाही. एआरटीची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत असेल तर एकत्र चालतं, अँटासिडला मात्र ही सूट नाही. चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यावर दिली जाणारी कार्बामॅझेपिन डोलुटेग्राविरची मात्रा कमी करते. ती लिहिली असेल तर एआरटीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. ज्यांची दुसऱ्या टप्प्याची औषधं आहेत, म्हणजे रिटोनाविर असलेली, त्यांनी दाताच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. झोपेची किंवा भीती घालवायची मिडाझोलॅम आणि काही स्टेरॉइडं त्यासोबत अंगात साचतात.

दात काढायच्या दिवशी एआरटीची गोळी चुकवायची नाही. दाढ बधिर करायच्या इंजेक्शनने काही अडत नाही. फक्त उपाशी जाऊ नका, चक्कर येते.

११. टीबीचीही औषधं चालू आहेत. तरी दात दाखवू?

फुप्फुसाचा टीबी असेल आणि थुंकीत जंतू असतील, तर सफाई-कॅपसारखी न अडणारी कामं ते जाईपर्यंत पुढे ढकला, कारण खुर्चीवरच्या मशीनने उडणाऱ्या तुषारांतून टीबी पसरू शकतो. ठणकणारी दाढ थांबवायची नाही, फक्त टीबीबद्दल आधी सांगा. रिफाम्पिसिन चालू असताना डोलुटेग्राविरची एक जादा गोळी दिलेली असते. औषधांची यादी सांगताना ती विसरू नका.

१२. खर्रा खातो. एचआयव्ही आहे म्हणून जास्त धोका आहे का?

खर्र्याचा धोका एचआयव्ही नसलेल्यालाही आहे. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, दिवसभर गालात. नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत पाहुण्याला पाण्याआधी खर्रा विचारतात. सुपारीने गालाचं आतलं कातडं दोरखंडासारखं ताठ होतं आणि तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. जात नसतील तर लगेच दाखवा. एचआयव्ही असताना तोंडाच्या कॅन्सरचा धोका आणखी वाढतो. त्यामुळे दोन आठवड्यांत न भरलेला छाला, पांढरा किंवा लाल चट्टा, "एचआयव्हीमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका.

एक गोष्ट दाताच्या डॉक्टरांच्या बाजूनेही: तोंड उघडत नसेल तर दाढ काढणं अवघड असतं, हे कारण खरं असतं. तेव्हा ते रेफर करणं भेदभाव समजू नका. सोडायचं असेल तर तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे. ज्या बाया गुल किंवा गुडाखूने (दोन्हींत तंबाखूच) दात घासतात, त्यांनाही हेच लागू.

१३. दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत. हे एचआयव्हीचे का?

बहुधा नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर असे डाग येतात. गावातल्या चार जणांचे दात बघा, कळेल. हिरड्या आणि नखं काळसर होणं हे मात्र जुन्या झिडोवुडीन गोळीमुळे होऊ शकतं. त्याने अपाय होत नाही.

१४. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला अजून सांगितलं नाही. दाताच्या डॉक्टरला तिच्यासमोर कसं सांगू?

तिच्यासमोर सांगू नका. आधी एकट्याने आत जा, किंवा गोळ्यांची यादी लिहिलेली चिठ्ठी द्या आणि "मुलीला माहीत नाही" हे त्यावर स्पष्ट लिहा. समुपदेशकाकडून तशी चिठ्ठी लिहून मिळते. गोड सिरप घेणाऱ्या लहान मुलांचे दुधाचे दात लवकर किडतात. प्रत्येक डोसानंतर चूळ भरायला लावा, झोपताना तर नक्कीच. "दुधाचेच तर आहेत, पडतीन" हे ऐकू नका. किडलेल्या दातामुळे पोर जेवत नाही, आणि न जेवता गोळी घेतली की ओकते.

१५. तालुक्यातला दाताचा डॉक्टर एकच, आणि त्याचा कंपाउंडर आमच्या सोयऱ्यातला. काय करू?

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. उपचारात कळलेली एचआयव्हीची माहिती तुमच्या लेखी संमतीशिवाय बाहेर सांगायला कायद्याने बंदी आहे. पण सोयऱ्याच्या तोंडून सुटलेली बातमी कायद्याने परत येत नाही, हेही खरं. म्हणून व्यवहाराचं बोलतो. साधं काम असेल, तर प्रश्न २ मधल्यासारखं डॉक्टरांशी एकट्यात बोला आणि "केसपेपरवर लिहू नका, कंपाउंडर नात्यातला आहे" हे थेट सांगा. तेवढा भरवसा वाटत नसेल, तर शेजारच्या तालुक्यात जा. एआरटीचं पुस्तक पिशवीत वर ठेवू नका. गोळ्यांच्या नावाचा आणि शेवटच्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये असला की पुरतं. मेडिकल स्टोअरवर दाताच्या औषधांची चिठ्ठी वेगळीच असते, तिच्यावर एआरटीचा उल्लेख नको, असं लिहिणाऱ्यालाच सांगून ठेवा.

१६. मी तालुक्याला दवाखाना चालवतो. अशा रुग्णाचा दात काढताना सुई टोचली तर?

साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, रक्त चोखू नका, स्पिरिट ओतू नका. लगेच जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन पीईपी (सुई टोचल्यावर लागण टाळायला घ्यायची औषधं) मागा. पहिली मात्रा दोन तासांत मिळाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. रुग्णाच्या वायरल लोडची माहिती सोबत न्या. हिपॅटायटिस बी ची लस तुम्ही आणि तुमच्या मदतनिसाने घेतली आहे का, हे मात्र आजच बघा. वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावायची सवय असेल, तर ती मोडा. टोचण्याचे कितीतरी प्रसंग तिथेच घडतात. आणि ज्या रुग्णाने तुम्हाला विश्वासाने सांगितलं, त्याच्याकडून "जादा किटचे" पैसे घेऊ नका. ते किट न सांगणाऱ्यांसाठीही वापरायलाच हवं होतं.